अरण्यप्रदेशातील गुन्ह्यांचा शास्त्रीय तपास : चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांस काही सूचना

इसवी सन २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील महागाव या गावी एकाच कुटुंबातील पाच माणसे जेमतेम तीन आठवड्यांच्या अवधीत एकामागून एक दगावली. हातापायांना मुंग्या, डोके व कंबर यांच्या असह्य वेदना, काळवंडलेले ओठ, जड झालेली जीभ ही लक्षणे थोड्याफार फरकाने प्रत्येकाच्या ठायी दिसत होती. तथापि नेहमीच्या तपासण्यांतून विषाचा मागमूस लागेना. अखेर या सारख्या लक्षणांवरून डॉक्टरांना जड धातूच्या विषाचा संशय आला आणि त्या संशयाचा धागा धरून पोलीस नात्यातल्याच दोन स्त्रियांपर्यंत जाऊन पोहोचले. त्यांच्यावरील आरोपांचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे, आपले नव्हे. परंतु न्यायसहायक विज्ञानाच्या अभ्यासाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने या प्रकरणातून एक गोष्ट प्रथमच ध्यानी धरावी : प्रयोगशाळेतील यंत्र कितीही सूक्ष्मग्राही असले, तरी त्याला काय शोधावयाचे हे कोणी तरी सांगावे लागते, आणि ते सांगणारा माणूस रोग्याच्या खाटेपाशी, प्रेतापाशी किंवा घटनास्थळी डोळे उघडे ठेवून उभा असावा लागतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील तरुणांना या क्षेत्राविषयी जे सांगावयाचे आहे, त्याचे बीज याच गोष्टीत आहे. फॉरेन्सिक म्हटले की पांढरा अंगरखा, काचेच्या नळ्या आणि महानगरातील वातानुकूलित दालन एवढेच चित्र मनात उभे राहते, आणि आपण तर वैनगंगेच्या किंवा प्राणहितेच्या काठचे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाटून चांगली बुद्धिमत्ता मागे फिरते. वास्तविक आज या शास्त्राला सर्वांत अधिक उणीव भासते ती घटनास्थळ ओळखणाऱ्या, तेथील भाषा जाणणाऱ्या आणि पुरावा न बिघडवता प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवणाऱ्या माणसांची; आणि ती उणीव भरून काढण्यास अरण्यप्रदेशात वाढलेल्या मुलामुलींइतके योग्य दुसरे कोणी नाही, असे माझे निश्चित मत आहे.

कायद्यानेही आता हीच दिशा धरली आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये अशी तजवीज आहे की, ज्या गुन्ह्यास सात वर्षे किंवा त्याहून अधिक कैदेची शिक्षा सांगितली आहे, अशा गुन्ह्याच्या जागी न्यायसहायक तज्ज्ञाने स्वतः जाऊन पुरावा गोळा करावा आणि त्या कार्यवाहीचे चित्रीकरण व्हावे. ही व्यवस्था पाच वर्षांच्या आत लागू करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकलेली आहे. झडती व जप्तीचेही दृक्‌श्राव्य चित्रीकरण आता बंधनकारक झाले आहे. पूर्वी अंमलदाराने पंच बोलावून पंचनामा लिहिला, मुद्देमाल लाखेने मोहोरबंद केला आणि शिपायाच्या हाती देऊन नागपूरला रवाना केला, की तपासातील शास्त्राचा भाग संपला असे मानले जाई. आता खून, बलात्कार, दरोडा अशा प्रत्येक गंभीर फिर्यादीच्या मागे एक प्रशिक्षित माणूस मोक्यावर पोहोचावयास हवा. महाराष्ट्र शासनाने यासाठी फिरत्या न्यायसहायक वाहनांची योजना सुरू केली आहे, आणि त्या वाहनांना चालकाबरोबरच विज्ञानाचे पदवीधरही लागतात.

आपल्या भागात हे काम किती निराळ्या प्रकारचे आहे, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे येथील सर्वांना ठाऊक आहे. अशा दिवसांत रक्ताने भिजलेले कापड कोणी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवले, तर ओलाव्याने त्यावर बुरशी धरते आणि त्यातील डीएनए नष्ट होतो. तेच कापड सावलीत पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवले, तर पुष्कळ दिवस टिकते. विषप्रयोगाच्या संशयात काढलेला व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवावयाचा असतो, आणि त्याच द्रावणाचा निराळा नमुना सोबत पाठवावयाचा असतो, म्हणजे द्रावणातच काही दोष होता असे पुढे कोणास म्हणता येत नाही. मुद्देमाल कोणाच्या हातून कोणाच्या हाती, कोणत्या तारखेस, कोणत्या वेळी गेला याची अखंड नोंद नसेल, तर रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, ज्याला आपल्या पोलीस ठाण्यांत आणि कचेऱ्यांत अद्यापही 'सी.ए. रिपोर्ट' म्हणतात, तो शास्त्रदृष्ट्या निर्दोष असूनही उलटतपासणीत दुबळा ठरतो. या गोष्टी ऐकावयास क्षुल्लक वाटतात. परंतु प्रयोगशाळेतील चुकीपेक्षा प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीची चूक भरून काढणे अधिक कठीण, किंबहुना बहुधा अशक्यच असते.

आणि आपल्या घटनास्थळांत केवळ मनुष्यवधाच्याच जागा येतात असे नाही. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले आणि १९९५ साली व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झालेले ताडोबा आपल्या दारात आहे. आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीनुसार वाघाचा प्रत्येक मृत्यू, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, शिकारच मानावयाचा असतो. याचा अर्थ असा की, एखाद्या पाणवठ्याकाठी वाघ मृतावस्थेत आढळला, तर तो म्हातारपणाने मेला, दुसऱ्या वाघाशी झुंजीत मेला, रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात आकडा टाकून सोडलेल्या विजेच्या धक्क्याने मेला, की मृत गुरावर टाकलेल्या कीटकनाशकाने मेला, याचा निर्णय पुराव्यावरच करावा लागतो. विजेचा धक्का असेल तर कातडीवरील जळाल्याची खूण, तारेतील धातूचे अंश आणि जमिनीत खुंट्या ठोकल्याची छिद्रे पाहावयाची. विष असेल तर जठरातील द्रव्याबरोबरच आसपास मेलेल्या माश्या, कावळे, गिधाडे यांचीही नोंद घ्यावयाची. नखे, दात, मिशा जागेवर आहेत की कापून नेल्या आहेत, हे तर सर्वांत आधी पाहावयाचे. हे सारे पाहणारा पहिला माणूस बहुतेक वेळा बीटचा वनरक्षक असतो. त्याने पहिल्या तासात दोर बांधून जागा राखली, मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रे घेतली आणि पायांचे ठसे तुडवू दिले नाहीत, तर पुढचे शास्त्र उपयोगी पडते.

वाघाने माणूस मारला, तर प्रश्न उलट्या दिशेने येतो. वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा या भागांत तेरा माणसांचे बळी घेणारा 'सीटी-१' हा वाघ १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा परिसरात जेरबंद झाला. अशा वेळी जंगलात वावरणाऱ्या अनेक वाघांपैकी हल्लेखोर नेमका कोणता, हे ठरविणे ही न्यायाचीच बाब असते. कारण चुकीचा वाघ पकडला गेला तर निरपराध प्राणी आयुष्यभर पिंजऱ्यात पडतो आणि हल्ले मात्र चालूच राहतात. जखमेच्या कडेवरून घेतलेल्या लाळेच्या नमुन्यातील डीएनए, घटनास्थळी सापडलेले केस व विष्ठा, कॅमेऱ्यात टिपलेले पट्टे यांची रुजवात घालून हा निर्णय करता येतो. दोन वाघांचे पट्टे कधीही सारखे नसतात; म्हणूनच कातडे कोठेही पकडले गेले, तरी तो वाघ कोणत्या जंगलातील हे पुष्कळदा कॅमेरा ट्रॅपच्या जुन्या चित्रांवरून सांगता येते. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत आणि हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या 'लाकोन्स' प्रयोगशाळेत हे काम दीर्घकाळ चालत आले आहे, आणि आता नागपूरच्या प्रादेशिक प्रयोगशाळेतही वन्यजीवांच्या डीएनए तपासणीची सोय झाली आहे.

सागवानाच्या चोरीकडे विद्यार्थ्यांचे लक्ष सहसा जात नाही, आणि मला स्वतःला हा विषय फार मोलाचा वाटतो. आलापल्ली व सिरोंचा यांचा साग प्राणहिता व गोदावरीच्या पात्रांतून पलीकडे जातो, ही तक्रार जुनी आहे. पकडलेला ओंडका खाजगी मालकीचा आहे असे आरोपी म्हणतो, जुना वाहतूक परवाना दाखवतो, कधी वनविभागाच्या हातोड्याचा बनावट ठसाही दाखवतो. परंतु जंगलात उरलेल्या थुटाचा छेद आणि ओंडक्याचा छेद समोरासमोर ठेवले, वार्षिक वलयांची रुंदी, गाठी आणि कुऱ्हाडीच्या किंवा करवतीच्या खुणा जुळवून पाहिल्या, तर हा ओंडका याच झाडाचा, असे निःसंशय सांगता येते; आणि हातोड्याच्या ठशातील बारीक खोटही खऱ्या-खोट्याची ओळख पटवते. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराने काष्ठरचनेचा अभ्यास केला, तर या दोन जिल्ह्यांत त्याच्या ज्ञानाला काम कमी पडणार नाही.

आता गुन्ह्यांच्या विश्लेषणाविषयी. एका गुन्ह्याचा पुरावा तपासणे ही एक विद्या, आणि अनेक गुन्हे शेजारी मांडून त्यांतील क्रम, काळ, मार्ग व माणसे शोधणे ही दुसरी. जून २०२३ च्या अखेरीस गुवाहाटीत वाघाचे कातडे व हाडे पकडली गेली, तेव्हा त्यांचा माग गडचिरोलीजवळच्या आंबेशिवणी परिसरापर्यंत आला. जानेवारी २०२५ मध्ये राजुऱ्याजवळ शिकाऱ्यांच्या टोळीला अटक झाली, तेव्हा तपास मेघालयातील शिलाँगपर्यंत गेला. आसाम, मेघालय आणि विदर्भ यांना जोडणारा हा धागा मोबाइलच्या नोंदी आणि बँकेतील पैशांची देवघेव यांच्या विश्लेषणावाचून हाती लागणे कठीण. येथे जंगल ओळखणारा माणूस आणि आकड्यांचे तक्ते वाचणारा माणूस एकच असेल, तर त्याची किंमत दुप्पट होते. उन्हाळ्यात पाणवठे आटत जातात तसतसे सापळे उरलेल्या पाण्याभोवती सरकतात. मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचण्याच्या दिवसांत माणूस व वाघ यांची गाठ पडण्याचा संभव वाढतो. हे गावातील म्हाताऱ्यांना ठाऊक असलेले सत्य नकाशावर, महिनावार, कक्ष क्रमांकानिशी मांडणे म्हणजेच विश्लेषण. वनविभागात गस्तीच्या नोंदींसाठी 'एम-स्ट्राइप्स' ही प्रणाली आहे, पोलिसांत फिर्यादींच्या नोंदी 'सीसीटीएनएस'मध्ये जातात, आणि २०२४ साली राज्य शासनाने पोलीस तपासात कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग करण्यासाठी नागपुरात 'मार्व्हल' ही कंपनी स्थापन केली. संख्याशास्त्र, संगणकातील तक्ते आणि 'क्यूजीआयएस' हे विनामूल्य मिळणारे नकाशासाधन, एवढे तीन विषय ज्याने मन लावून शिकले, त्याला पोलीस खात्याबाहेर बँका, विमा कंपन्या आणि सायबर सुरक्षेच्या संस्था यांतही मार्ग आहे.

शिक्षणाचा क्रम कसा ठेवावा, हा प्रश्न पालक सर्वांत आधी विचारतात. बारावी विज्ञान शाखेनंतर न्यायसहायक विज्ञानाची थेट पदवी देणारी शासकीय संस्था नागपुरात आहे. तशाच मुंबई व छत्रपती संभाजीनगर येथेही आहेत, आणि तेथे पदव्युत्तर पदविकाही मिळतात. गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाले. गोव्यात त्याचा परिसर आहे आणि नागपूरच्या परिसराची पायाभरणी मे २०२५ मध्ये झाली. ही दारे उघडी असली, तरी ज्याला नागपूरलाही जाणे परवडत नाही अशा विद्यार्थ्याने निराश होण्याचे मुळीच कारण नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वरोरा किंवा गडचिरोली येथील महाविद्यालयातून, २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाची रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्राची पदवी उत्तम श्रेणीत घ्यावी आणि त्यानंतर पदव्युत्तर पातळीवर विशेष विषयाकडे वळावे, हा मार्ग मी अधिक पसंत करतो. याचे कारण व्यावहारिक आहे. शासकीय जागा मोजक्या असतात, भरती दरवर्षी होतेच असे नाही, आणि वैज्ञानिक सहायक किंवा सहायक रासायनिक विश्लेषक या पदांच्या जाहिरातींत मूळ विज्ञानशाखेच्या, विशेषतः रसायनशास्त्राच्या पदवीला मोठे वजन असते. भरती लांबली, तरी रसायनशास्त्राचा पदवीधर औषध कारखान्यात, अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत किंवा अध्यापनात उभा राहू शकतो.

राज्यातील प्रयोगशाळांचे संचालनालय मुंबईत कलिना येथे आहे, आपल्या विभागाची मोठी प्रयोगशाळा नागपुरास, आणि चंद्रपुरातही लघु प्रयोगशाळा आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि चंद्रपुरातही २०१५ ते २०२१ या काळात ती होती. त्यामुळे जप्त केलेल्या दारूचे व रक्तातील मद्यांशाचे नमुने येथे किती मोठ्या संख्येने तपासणीस जात असतील, याची कल्पना करता येईल. प्रयोगशाळांत जीवशास्त्र, डीएनए, विषशास्त्र, भौतिकशास्त्र, अग्निशस्त्रे, सायबर, ध्वनी-ओळख, मानसशास्त्र असे विभाग असतात, म्हणून मानसशास्त्राच्या पदवीधरालाही येथे स्थान आहे. मात्र त्याने हे जाणून असावे की २०१० च्या सेल्वी प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर नार्को किंवा पॉलिग्राफ चाचणी त्या माणसाच्या संमतीवाचून करता येत नाही. केंद्रीय पातळीवर 'फॅक्ट' ही अभियोग्यता परीक्षा आहे, आणि अध्यापन-संशोधनासाठी यूजीसी-नेटमध्ये न्यायसहायक विज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. ज्याला वैद्यक घेता येईल त्याने एमबीबीएसनंतर न्यायवैद्यकशास्त्रातील एम.डी. करावी, चंद्रपुरास आणि आता गडचिरोलीसही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. पशुवैद्यकाची पदवी नागपुरात मिळते, आणि वाघाचे शवविच्छेदन नीट करणारा पशुवैद्य या प्रदेशात अत्यंत आवश्यक आहे. वनरक्षकाची भरती आणि राज्य लोकसेवा आयोगामार्फत होणारी वनक्षेत्रपालाची परीक्षा हेही याच क्षेत्राचे दरवाजे मानावेत. वनसेवेतील प्रशिक्षणाची जुनी परंपरा असलेली वन अकादमी तर चंद्रपुरातच आहे.

एक सावधगिरी आवश्यक आहे. वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर 'सहा आठवड्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञ' अशा जाहिराती येतात. तेथे पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेस विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे काय, स्वतःची प्रयोगशाळा आहे काय, शिकविणाऱ्यांपैकी कोणी प्रत्यक्ष न्यायालयात साक्ष दिली आहे काय, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. उत्तर टाळले गेले, तर परत यावे. अशा दाखल्यांनी शासकीय हुद्दा मिळत नाही, आणि घरची जमीन गहाण टाकून ते मिळवावेत अशी त्यांची योग्यताही नाही.

न्यायालयात जाऊन बसावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे. फौजदारी खटले सामान्यतः उघड्या न्यायालयात चालतात. काही नाजूक प्रकरणे सोडली तर तेथे जाऊन शांतपणे ऐकण्यास मनाई नसते. चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या सत्र न्यायालयात तज्ज्ञाची किंवा पंचाची उलटतपासणी एकदा लक्षपूर्वक ऐकली, म्हणजे मोहोर फुटलेली होती काय, नमुन्यावरील क्रमांक व पंचनाम्यातील क्रमांक जुळतो काय, या प्रश्नांचे महत्त्व जसे मनावर ठसते, तसे पुस्तकाने ठसत नाही. त्याचबरोबर, पाहिलेली वस्तू विशेषणांवाचून, मापासह, स्वच्छ मराठीत लिहून काढण्याचा सराव ठेवावा. 'बरेच रक्त होते' हे वाक्य निरुपयोगी. 'उंबरठ्यापासून दोन फुटांवर, सुमारे एक वीत व्यासाचा, कडेने सुकलेला डाग' हे वाक्य पुरावा आहे.

माडिया किंवा गोंडी ज्यांची घरची भाषा आहे, त्यांना मी विशेष आग्रहाने सांगेन की ती विसरू नका. या जंगलांत आरोपी, साक्षीदार आणि पीडित हे तिघेही अनेकदा अशा भाषेत बोलतात, जी लिहून घेणाऱ्या अंमलदाराला येत नाही. आणि न समजलेल्या जबाबावर अंगठा उमटवून घेतला जाण्याचा धोका गरिबालाच अधिक असतो. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हा आपल्या कायद्याचा जुना आणि शहाणा नियम आहे. परंतु वस्तुनिष्ठ पुरावा जेथे गोळाच होत नाही, तेथे संशय आणि दडपण हीच तपासाची साधने उरतात. नीट वाळवलेले एक कापड किंवा नीट उचललेला एक ठसा खऱ्या गुन्हेगाराला जितका बांधतो, तितकाच निरपराध माणसाला सोडवतो. या शास्त्राविषयी मला जी आस्था वाटते, ती मुख्यतः याच कारणासाठी.

हे काम सर्वांच्या प्रकृतीला मानवेल असे मात्र नाही. कुजलेले प्रेत, लहान मुलांवरील अत्याचार, रात्रीबेरात्रीचा प्रवास, वर्षानुवर्षे लांबणाऱ्या तारखा यांची तयारी मनाने आधीच करावी, आणि ती होत नसेल तर विश्लेषणाचे किंवा दस्तऐवज-तपासणीचे काम निवडावे. त्यात कमीपणा नाही. मुलींच्या पालकांनी मात्र केवळ मुलगी म्हणून तिला मागे ओढू नये. अत्याचारग्रस्त स्त्री किंवा बालिका बोलते तेव्हा समोर आपल्या भाषेची, आपल्या मुलखातली स्त्री-अधिकारी असणे ही फार मोठी गोष्ट असते.

यंदा बारावीत असलेल्या विद्यार्थ्याने निकालाची वाट न पाहता नागपूरच्या शासकीय संस्थेची आणि राष्ट्रीय विद्यापीठाची प्रवेशपत्रके वाचून त्यांतील अटी व मुदती वहीत उतरवून घ्याव्यात. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्याने लोकसेवा आयोग व प्रयोगशाळा संचालनालय यांच्या जाहिराती नियमाने पाहाव्यात. आणि दोघांनीही जातीचा, अधिवासाचा व उत्पन्नाचा दाखला आताच तहसील कचेरीतून काढून ठेवावा, कारण पात्र असूनही केवळ कागद वेळेवर नसल्याने मागे राहणारी मुले या दोन जिल्ह्यांत थोडी नाहीत.